सीए-१२५ सरसकट कशाला?

‘चाळिशीनंतर प्रत्येक बाईने दरवर्षी सीए-१२५ करून घ्यावी’ हे लेखातलं वाक्य खटकलं. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं एक प्रथिन रक्तात किती आहे, ते ही टेस्ट मोजते. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेने स्वस्तातल्या हेल्थ पॅकेजमध्ये ही टेस्ट केली. मर्यादा ३५ची, तिचा आकडा १८०. रिपोर्ट थेट व्हॉट्सॲपवर, समजावून सांगायला कोणी नाही. तीन आठवडे घरात कुणाच्या घशाखाली धड घास उतरला नाही. सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला, आणि निघालं काय, तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, कॅन्सर नव्हे! हा आकडा फायब्रॉइडमुळे (गर्भाशयातल्या साध्या गाठींमुळे), गरोदरपणात, अगदी पाळीच्या दिवसांतही वाढू शकतो. पोटाच्या टीबीतही वाढतो, आणि टीबी आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. उलट अंडाशयाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असताना बऱ्याच जणींचा आकडा नॉर्मलच येतो, म्हणजे खोटा दिलासा. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला. २०२१ साली निष्कर्ष आले, तर अशा तपासणीमुळे या कॅन्सरचे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही.

टेस्ट वाईट आहे असं मुळीच नाही हं. माझ्या आईला हाच कॅन्सर होता. केमो चालू असताना दर खेपेला हा आकडा उतरत गेला, तेव्हा औषध लागू पडतंय हे डॉक्टरांना त्यावरूनही कळत होतं. पण तिथे निदान आधीच पक्कं झालेलं होतं. लेखात हा फरक एका ओळीत तरी यायला हवा होता.