‘मिसिंग म्हणजे पंपच’ : फिरणाऱ्या मेसेजमधले पाच सल्ले तपासून पाहू

जुन्या ट्रकचं इंजिन मिसिंग मारायला लागलं, म्हणजे एखादा सिलेंडर पेटत नसल्याने अडखळायला लागलं, तर घरच्या घरी काय करावं, याचा एक मेसेज गाडीवाल्यांमध्ये फिरतो आहे. त्यातले सल्ले पाच. स्पार्क प्लग-कॉइल बदला, नाहीतर स्कॅनर लावा. धुराच्या रंगावरून दोष ओळखा. टाकीत दोन लिटर रॉकेल ओता. चालू इंजिनात नोझलचा (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचा) पाइप ढिला करून अंगठ्याने दाब बघा. आणि तरीही फरक पडला नाही तर ‘मिसिंग म्हणजे पंपच’ (नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा), तो उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याचं माप जुळवून घ्यायला, द्या.

पहिल्या सल्ल्यावरूनच कळतं की हे कुठल्यातरी पेट्रोल गाडीच्या माहितीवरून उचललंय. आपल्याकडे जुना ट्रक म्हणजे टाटाची ४९७ इंजिनाची ४०७ किंवा ६९७ ची १६१३. ही डिझेल इंजिनं. यांत स्पार्क प्लग नाही, कॉइल नाही. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत कंट्रोल युनिटही (इंजिनचा कॉम्प्युटर) नसतं, मग स्कॅनर वाचणार काय? हा मुद्दा इथेच सोडू.

धुराचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवतो. मेसेज म्हणतो: काळा धूर म्हणजे नोझल, पांढरा म्हणजे हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधलं), निळा म्हणजे पिस्टनच्या रिंगा. निळ्याचं बऱ्यापैकी बरोबर, ऑइल जळतंय. पण काळा धूर नुसत्या चोंदलेल्या एअर फिल्टरनेही येतो. आणि पांढऱ्या धुरावरून हेड उतरवायला निघालात तर खर्च उगाच अंगावर येईल. न पेटलेलं डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपात बाहेर पडतं. त्याला डिझेलचा उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात. म्हणजे एक सिलेंडर मारत नाही, एवढंच. पॅकिंगचा संशय घ्यायचा तर रेडिएटरचं पाणी कमी होतंय का, चालू इंजिनात त्यात बुडबुडे येतात का, हे बघा. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच काढायचं.

रॉकेलचा सल्ला जुना आहे आणि हट्टाने टिकून आहे. पंपातले प्लंजर (डिझेल दाबणारे दांडे) आणि नोझलची सुई यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल यांच्यातली फट काही मायक्रॉनची. रॉकेल पातळ, वंगणाला कमी. त्याने झीज वाढते. नोझलची सीट झिजली असेल तर ती रॉकेलने भरून येत नाही. शिवाय रेशनचं निळं रॉकेल गाडीत घालणं कायद्यातही बसत नाही.

आता अंगठ्याचं. हे वाचून खरंच राग येतो. या इंजिनांत नोझल साधारण दोनशे बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाबाला उघडतो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून सरळ आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. आत मात्र डिझेल पसरत जातं आणि बोट, कधी हात, गमवावा लागतो. असं झालं तर सूज येण्याची वाट न बघता थेट सर्जनकडे जा आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.

गंमत अशी की पाइप ढिला करण्याची युक्ती चांगली आहे, वाईट आहे तो अंगठा. इंजिन आयडलवर ठेवा, चष्मा लावा, नटभोवती जाड फडकं गुंडाळा आणि नोझलच्या टोकाकडचा नट पान्याने एखादा आटा ढिला करा. डिझेल झिरपेल आणि त्या सिलेंडरला मिळणं बंद होईल. इंजिनचा वेग पडला, थरथर वाढली, तर तो सिलेंडर काम करत होता. नट आवळा, पुढच्याकडे जा. ज्याचा नट ढिला करूनही आवाजात काही फरक पडत नाही, तोच मेलेला. सहा सिलेंडरच्या इंजिनात फरक बारीक असतो, म्हणून कोणाला तरी केबिनमध्ये बसवा. स्टिअरिंगला तो आधी जाणवतो. फक्त आधी नोझलकडे नीट बघा: त्याला वायरचं सॉकेट जोडलेलं असेल तर ती कॉमन रेल (कॉम्प्युटरने नोझल उघडणारी) गाडी आहे. तिच्यात दाब हजार बारच्या वर जातो, तिथे पान्याला हातसुद्धा लावू नका.

पाना नकोच वाटत असेल तर थंड इंजिन सुरू करून मिनिटाभरात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. मेलेल्या सिलेंडरचा फाटा थंड राहतो. कोविडच्या काळात घेतलेलं कपाळाचं थर्मामीटर इथे चालत नाही, ते तापाच्या आकड्यांपुढे वाचतच नाही.

राहिला पंप. मेसेजची सगळी मांडणी याच्यावर उभी आहे आणि तिथेच ती सगळ्यात कच्ची आहे, कारण कोणता सिलेंडर बंद आहे हा प्रश्न ती विचारतच नाही. मिसिंग एकाच सिलेंडरवर टिकून नसेल, कधी इथे कधी तिथे, रेस दिली की वाढत असेल, तर आधी हवेचा संशय घ्या. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) लाइन ओढीची असते. तिला फट पडली तर चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून ‘गळती कुठेच नाही’ या शेऱ्याला अर्थ नाही. त्या लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा घाला, बुडबुडे डोळ्यांना दिसतील. बहुतेक वेळा बँजो बोल्टचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) पुन्हा पुन्हा वापरलेले वायसर निघतात. फिल्टर आणि सेडिमेंटरमधलं (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारं भांडं) पाणीही याच फेरीत काढून घ्या.

सिलेंडर ठरलेला असेल तर त्याचा नोझल शेजारच्याशी अदलाबदल करून बघा. नोझल बसवताना जुना तांब्याचा वायसर हेडमध्येच चिकटून राहिला नाही ना हे टॉर्च मारून पाहा. त्यावर नवा बसला तर टोक वर राहतं आणि नवाच घोटाळा सुरू होतो. दोष नोझलबरोबर सरकला, तर नोझल. जागेवरच राहिला, तर टॅपेट कव्हर (हेडवरचं, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचं झाकण) उघडा. पुशरॉड वाकलेला, टॅपेट घट्ट, व्हॉल्व्ह पूर्ण न बसणारा, यातलं काहीही असू शकतं, आणि यातलं एकही पंपाच्या टेस्ट बेंचवर दिसत नाही. तिथून पंप ओके होऊन येतो, बिल भरलं जातं, गाडी तशीच थरथरते.

टॅपेट ठीक निघाले तर सगळ्या पाइपांची नोझलकडची तोंडं मोकळी करून बाटल्यांत सोडा आणि थोडा वेळ सेल्फ मारा. मेलेल्या सिलेंडरच्या बाटलीत इतरांपेक्षा कमी डिझेल आलं तर पंपातला त्याचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह किंवा एलिमेंट (प्लंजर-बॅरलची जोडी) गेलंय, पंप उतरवणं रास्त आहे. सगळ्या बाटल्या सारख्या भरल्या तर त्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. पंप उतरवायचाच ठरला तर पंप इंजिनला जोडतो त्या फ्लँजवर छिन्नीने टायमिंगची खूण करून ठेवा, आणि पंपवाल्याला मेलेल्या सिलेंडरचा नंबर लिहून द्या, म्हणजे तो आधी त्याच एलिमेंटकडे बघेल.