एमजीची वाटणी

थोरल्या काकांच्या मागे जे राहिलं, त्यातल्या बाकी सगळ्याची वाटणी बिनबोभाट झाली. शेत मोजणीदारानं मोजलं, सोनं सराफानं तोललं, तांब्यापितळेची भांडी आत्यानं नुसत्या नजरेनं मोजली आणि त्यावर कुणी काही बोललं नाही. अडलं ते एका गाडीवर. १९५१ सालची एमजी टीडी, म्हणजे एमजी या विलायती कंपनीचं टीडी नावाचं मॉडेल. दोनच माणसांची, वरून उघडी, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येणारी आणि दारं उलट्या बाजूनं उघडणारी. काकांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. मुंबई सोडून विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली. १९७३ च्या सुमाराला पेट्रोल भडकलं, तेव्हा "भाव उतरले की काढू" असं म्हणून परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. भाव उतरले नाहीत. काका शब्दाचे पक्के होते.

वकील म्हणाले, वाटणीपत्रात गाडीपुढं आकडा लिहावा लागेल. धाकट्या काकांनी ते काम माझ्यावर सोपवलं, कारण मी कोल्हापुरातच राहतो आणि कॉलेजात असताना स्कूटरचा प्लग साफ करायचो. "तुला त्यातलं कळतं," म्हणाले. आमच्या घरात कुणाला काय कळतं हे असंच ठरतं.

सुरुवात मोबाइलवर केली. जुन्या गाड्यांची किंमत फुकटात सांगणारी एक साइट उघडली. कंपनी विचारली, एमजी होती. मॉडेल विचारलं, हेक्टर होती, ॲस्टर होती, कॉमेट होती; टीडी नव्हती. सालाची यादी १९५१ पर्यंत खाली सरकेना. शेवटी विचारलं, "गाडी किती महिन्यांत विकायची आहे?" मी मोबाइल खाली ठेवला.

त्यानंतर आला भंगारवाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. शेडचं कुलूप काढलेलं त्यांना कसं कळतं हे मला अजून उमगलेलं नाही. पण एक सांगतो, पुढं जेवढे जाणकार येऊन गेले, त्यांत सगळ्यात शास्त्रशुद्ध पद्धत याचीच. गाडीचं वजन साधारण नऊशे किलो. लोखंडाचा भाव अमुक, पितळेचा तमुक, रेडिएटर वेगळा, टायर फुकट. आकडा तीस हजारांच्या आतच अडकला. मी तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि इतकी उदार माणसं मी आमच्या घराण्यात कधी पाहिली नव्हती. "तूच ठेव रे ती," आत्या म्हणाली. "आमच्या सांगलीच्या फ्लॅटमध्ये सायकल ठेवायला जागा नाही." धाकट्या काकांनी "घरातली वस्तू घरात राहिली" असं लिहून वर दोन हात जोडलेले टाकले. त्या संध्याकाळपुरती गाडी माझी होती.

संध्याकाळ सरता सरता न्यू जर्सीत उजाडलं. माझा चुलतभाऊ तिथं असतो. त्यानं उठल्या उठल्या ग्रुपवर अमेरिकेतल्या लिलावांचे दुवे टाकले. चकचकीत लाल टीडी, चकचकीत हिरवी टीडी, आणि प्रत्येकीच्या खाली डॉलरमध्ये आकडा. त्यानं त्याला डॉलरच्या भावानं गुणूनही दाखवलं होतं. आता ही गाडी इंग्लंडात ॲबिंग्डनला तयार झाली हे खरं, पण एकूण २९,६६४ टीडी बनल्या त्यातल्या तेवीस हजारांहून जास्त अमेरिकेलाच गेल्या. म्हणून तिथं त्यांचे सुटे भाग मिळतात, क्लब आहेत, गिऱ्हाईकं आहेत. शिवाय त्या गाड्या चालतात. हे दोन मुद्दे मी लिहिले, पण तोवर कुणी वाचत नव्हतं. आत्याला आठवलं की लग्नाआधी दादानं तिला याच गाडीतून जोतिबाला नेलं होतं. धाकट्या काकांना आठवलं की १९६८ साली एक टायर त्यांनी स्वतःच्या पैशानं घातला होता. एखाद्या वस्तूवरचं प्रेम किमतीच्या किती समप्रमाणात असतं, हे मला त्या रात्री पाहायला मिळालं. जोतिबाचा फोटोही निघाला. त्यात गाडी नव्हती, नुसता जोतिबा होता.

मग मी उद्यमनगरातला एक म्हातारा मिस्त्री गाठला. उद्यमनगर म्हणजे जिथं सकाळी तुटका भाग दिला तर संध्याकाळी नवा ओतून, कातून हातात पडतो, अशी आमची समजूत. मिस्त्री आला, गाडीभोवती एक फेरी मारली, ढकलून बघितली. हलली नाही. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पीत राहतं; इतक्या वर्षांत त्यानं आतले सिलिंडर गंजवून चाकं जागच्या जागी धरून ठेवली होती. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं तर आतून व्हार्निशचा वास आला. दोन्ही एसयू कार्बोरेटरांतले पिस्टन वर गेलेले खाली येत नव्हते. तेवढ्यात धाकटे काका ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन हजर झाले. मिस्त्रीनं त्यांचा हात वरच्या वर धरला. या गाडीत सगळं उलटं, अर्थिंग प्लसला असतं, म्हणजे बॅटरीचं प्लसचं टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं. दारांसारखंच.

इंजिन जाम आहे की नाही यावर निम्मी किंमत ठरते. मिस्त्रीनं प्लग काढले, चारही भोकांत तेल सोडलं आणि "राहू दे" म्हणून निघून गेला. काही दिवसांनी येऊन त्यानं पुढून हँडल घातलं, छातीवर रेटा दिला आणि इंजिन बोटभर फिरलं. मी ग्रुपवर कळवलं. प्रेम एकदम वाढलं. न्यू जर्सीहून विमानाचं तिकीट पाहिल्याची बातमी आली.

पान्यांची गंमत मात्र इंजिन उघडताना कळली. ज्या मॉरिसच्या गॅरेजातून एमजी निघाली, त्या मॉरिसनं १९२३ साली कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला. तिथली यंत्रं फ्रेंच, त्यामुळं नटबोल्टांचे आटे मिलिमीटरचे. पण इंग्लंडातल्या गॅरेजांत पाने व्हिटवर्थ या विलायती मापाचे. मग त्यांनी आटे फ्रेंच ठेवले आणि डोकी विलायती केली. तीच परंपरा आमच्या साडेबाराशे सीसीच्या इंजिनात आली. मिस्त्री एक नट हातात धरून बराच वेळ उन्हात फिरवत होता. "सायेब, ह्यो मिलिटरीतला हाय का सिव्हिलमधला?"

खरी बातमी त्यानं शेवटी दिली. "चासी लोखंडाची हाय, तिला काय बी झालं न्हाई. पर वरची बॉडी लाकडाच्या सांगाड्यावर हाय. आन् त्यो सांगाडा आता न्हाई."

"नाही म्हणजे?"

"म्हंजे वाळवीनं खाल्लाय. वर पत्रा हाय, त्यावर रंग हाय. मधी कोण न्हाई."

ॲश नावाच्या विलायती झाडाचं लाकूड. विलायतेत त्याला ओल लागते. आमच्या परसात त्याला गिऱ्हाईक मिळालं. खर्च किती येईल, असं मी विचारलं. "खोलल्यावर कळंल." खोलायला किती घेणार? "ते बी खोलल्यावरच." ग्रुपवर कळवल्यावर आत्याला सांगलीच्या फ्लॅटमधली जागेची अडचण पुन्हा आठवली.

न्यू जर्सीकर मात्र हटला नाही. त्यानं पुण्याहून एक तज्ज्ञ बोलवायला लावला. हे गृहस्थ शोभेच्या गाड्यांच्या रॅलीत परीक्षक असतात, फी आधी घेतात आणि सोबत टॉर्च, आरसा आणि रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक आणतात. पत्र्यावर कुठं चुंबक चिकटत नाही, तिथं रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, भरलेली असते. आमच्या गाडीला चुंबक सगळीकडं चिकटलं, पण त्यांचा चेहरा उतरलेलाच राहिला.

"गाडी धुतली कुणी?"

धाकट्या काकांनी. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी, पाइप लावून, साबणानं. तज्ज्ञ खुर्चीत बसले आणि त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की शेडमध्ये विसरलेली गाडी घेणारे लोक असतात, त्यांना ती विसरल्यासारखी दिसावी लागते. धूळ, जळमटं, टायरखालचा पाला, जुन्या वर्तमानपत्राची घडी, हे सगळं लिलावात बोलीवर चढतं. काकांनी विचारलं, "म्हणजे मातीला पैसे?" तज्ज्ञ म्हणाले, "जवळजवळ." काका रात्रभर अस्वस्थ होते. पन्नास वर्षांची धूळ त्यांनी दहा रुपयांच्या साबणानं गटारात सोडली होती.

याच तज्ज्ञांनी मला एक प्रश्न विचारला, तो आधी कुणीच विचारला नव्हता. आकडा कशासाठी हवाय? विम्यासाठी असेल तर वरचा, विकायचा असेल तर मधला, सरकारला दाखवायचा असेल तर खालचा. मी म्हणालो, वाटणीसाठी. त्यांनी पेन खाली ठेवलं. "घेणार कोण आणि सोडणार कोण?"

त्यांचं गणित सोपं होतं. चालू, नीटनेटक्या टीडीचा इथला भाव घ्यायचा आणि त्यातून ती तशी करायला लागणारा खर्च वजा करायचा. सांगाडा नवा, ब्रेक नवे, वायरिंग नवं, टायर नवे, टाकी साफ, कार्बोरेटर उघडून पुन्हा बसवायचे. रबरी नळ्याही बदला, म्हणाले, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉल येतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. म्हणजे ज्या उसाच्या गुळावर काकांनी गाडी घेतली, तोच ऊस आता तिच्या नळ्या खाणार. वजाबाकी खाली सरकत सरकत शून्याच्या पलीकडं गेली. थोडक्यात, गाडी नेणाऱ्याला वर आम्हीच काहीतरी द्यायचं होतं. आत्यानं फोनवर विचारलं, "ते तिघांत वाटायचं का?"

डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटा नाही हे धाकट्या काकांच्या त्याच वेळी लक्षात आलं आणि त्यांचा संशय मिस्त्रीवर गेला. टीडीला काटा कंपनीनंच दिलेला नाही, पेट्रोल संपत आलं की एक हिरवा दिवा लागतो, हे पटवायला मला जुन्या माहितीपुस्तकाचं पान छापून आणावं लागलं. "एवढी महाग गाडी आणि काटा नाही?" काका म्हणाले. त्यांच्या लेखी ती अजून महागच होती.

कागदांचं पुराण लांबवत नाही. नंबर जुन्या मुंबई राज्याचा, बीएमवाला. आरसी बुकाला वाळवीनं सांगाड्याच्याही आधी हात घातलेला. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरची गाडी नव्यानं नोंदवली तर तिला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. वीस हजार फी, दहा वर्षांसाठी. ती रोज रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शनाला न्यायची, रॅलीला न्यायची, दुरुस्तीला न्यायची आणि पेट्रोल भरायला न्यायची. म्हणजे पंपावर जाऊन यायला लागेल तेवढं पेट्रोल भरायला पंपावर जाता येतं. याबद्दल माझी तक्रार नाही. काकांनी तेही केलं नव्हतं.

अहवाल आला. शेवटच्या पानावर एक ओळ जाड अक्षरांत होती: इंजिनवरची नंबरपट्टी नाही. एमजीच्या या इंजिनांवर पितळेची एक छोटी अष्टकोनी पट्टी असते, तिच्यावर क्रमांक. तो गाडीच्या पाटीवरच्या क्रमांकाशी जुळला, तर इंजिन मूळचंच असं मानायला आधार मिळतो आणि किंमत वाढते. आमच्या इंजिनावर पट्टीच्या जागी नुसत्या खुणा होत्या. पट्टी मिळाल्यास आकडा किती वाढेल, तेही लिहिलं होतं. मी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना वाचून दाखवलं.

न्यू जर्सीचा चौकोन गप्प झाला. मग म्हणाला, "आठ कोनांची ना? पितळेची?"

सातवीच्या सुट्टीत त्यानं ती स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटली होती. सध्या ती त्याच्या ऑफिसच्या टेबलावर, फ्रेममध्ये, खाली दिवा लावून आहे. त्यानं कॅमेरा फिरवून दाखवली. चकाकत होती. मी पुढे काही बोलायच्या आत त्यानं हिशेब मांडला: पट्टीसह किंमत वजा पट्टीविना किंमत म्हणजे पट्टीची किंमत. तेवढी त्याची. उरलेली गाडी आम्ही खुशाल वाटून घ्यावी.

वकिलांनी वाटणीपत्रात आता दोन ओळी सोडल्यात, एक गाडीला आणि एक पट्टीला. तज्ज्ञ म्हणतात, पट्टी प्रत्यक्ष पाहायला हवी, फी वेगळी. आणि धाकट्या काकांनी काल रात्री ग्रुपवर विचारलंय, तसंच असेल तर आमच्या टायरचं काय?