पडवीवरचा पत्रा आणि पर्थचं कुंपण

सतरा वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातल्या पर्थला आलो तेव्हा भाड्याच्या घराच्या मागच्या दारी उभी राहिले आणि समोर ओळखीचं काहीतरी दिसलं. राखाडी, नागमोडी, उन्हापावसाने खरबरीत झालेला सिमेंटचा पत्रा. दापोली तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीवर जो आडवा आहे, तोच इथे जमिनीत उभा रोवून कुंपण केलं होतं. त्या दिवशी मला घराची फार आठवण आली. मी जाऊन त्यावर हातही फिरवला. पर्थच्या जुन्या वस्त्यांमध्ये अशी कुंपणं गल्लोगल्ली आहेत. तो पत्रा अॅस्बेस्टॉस नावाचे खनिज तंतू घातलेला आहे आणि त्याला हात लावताना विचार करावा लागतो, हे मला तिथे राहायला लागल्यावर काही महिन्यांनी घरमालकाने सांगितलं.

हे सगळं आज लिहायचं कारण गावातली ग्रामसभा. आमच्या प्राथमिक शाळेच्या दोन वर्गांवर आणि ओसरीवर सिमेंटचे पत्रे आहेत, चाळीसएक वर्षांचे. गेल्या मे महिन्यात गावातल्याच एका तरुण शिक्षकाने ते काढून टाकावेत असा विषय मांडला. चर्चा तासभर चालली आणि बहुमताने विषय बारगळला. चुलतभावाने मला सगळं फोनवर सांगितलं. बोलणारे कोणी अडाणी नव्हते. आमचे काका निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "मी याच पत्र्याखाली तीस वर्षं शिकवलं. मला काय झालं?" दुसरे म्हणाले, हे परदेशातलं खूळ आहे, त्यांना परवडतं. मी गावच्या ग्रुपवर शिक्षकाच्या बाजूने चार ओळी लिहिल्या तेव्हा काकांनी लगेच फोन केला. "तुझं बरोबर असेल बाय, पण तू तिकडे. पावसात गळणार इकडे."

काकांचं म्हणणं मी झटकून टाकू शकत नाही, कारण पत्रा आमच्याकडे का आला ते मी पाहिलं आहे. आमचं घर पूर्ण कौलारू होतं. दर वर्षी मे महिन्यात शाकारणी. माणसं वर चढायची, कौलं परतायची, फुटकी बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या. पुढे मुंबईकडे जाणारी मुलं परत येईनात आणि शाकारणीला माणूस मिळेना. त्यात वानरं. आंब्यावरून एक टोळी छपरावर उतरली की एका दुपारी शंभर-दीडशे कौलं फुटायची, आणि ती पावसाळ्यात फुटली तर रात्रभर घरात पातेली मांडून बसायचं. माझ्या आईने अशा रात्री काढल्या आहेत. सिमेंटचा पत्रा आला आणि हे सगळं थांबलं. वानर नाचलं तरी फुटत नाही, लोखंडी पत्र्यासारखा खाऱ्या हवेत गंजत नाही, पावसात कान किटवत नाही आणि उन्हात टिनाइतका तापत नाही. आईच्या दृष्टीने तो पत्रा म्हणजे झोप होती. अशी वस्तू विष आहे म्हणून कोणी सांगितलं तर माणूस आधी सांगणाऱ्याकडेच संशयाने बघणार.

आणि विष दिसतही नाही. पत्र्यात शंभर भागांत साधारण आठ-दहा भाग अॅस्बेस्टॉस असतं, बाकी मुख्यतः सिमेंट. तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. पत्रा अखंड असेपर्यंत धोका कमी, हे खरंच आहे. पण तो कापताना, तो अडकवायच्या जे-हुकसाठी भोक पाडताना, फुटताना, आणि जुना झाल्यावर त्याचा वरचा पापुद्रा झिजताना तंतू सुटतात. ते डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात. श्वासातून आत गेले की शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यातून फुप्फुसं घट्ट होत जाणारा रोग होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो. तंतू आत जाण्यापासून रोग दिसेपर्यंत वीस, तीस, कधी पन्नास वर्षं जातात. म्हणून काकांच्या "मला काय झालं?" या प्रश्नाला त्या सभेत कोणाला उत्तर देता आलं नाही.

आमच्याकडे पावसाच्या आधी पत्र्यावर चढून खराट्याने शेवाळ खरवडतात. लहानपणी ती वाळलेली भुकटी आमच्या अंगावर पडायची. पत्र्याचे तुकडे अंगणात पडलेले असायचे आणि आम्ही मुली त्यांचीच ठिकरी करून लंगडी खेळायचो. त्याने जमिनीवर पांढरी रेघही छान उमटायची. पर्थला माझ्या वयाच्या बायकांशी बोलताना कळलं की त्याही अशाच तुकड्यांनी रस्त्यावर चौकोन आखायच्या.

आता शेजारच्या आजोबांबद्दल. आम्ही स्वतःचं घर घेतलं तेव्हा त्यालाही तेच कुंपण होतं, आणि एका कोपऱ्यात ते तडकलं होतं. इथे सामाईक कुंपणाचा खर्च दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून करायचा असतो. आजोबा इटलीहून तरुणपणी आलेले, मनाने फार प्रेमळ, दर उन्हाळ्यात टोमॅटोची टोपली देणारे. पण कुंपणाचा विषय काढला की म्हणायचे, पन्नास वर्षं उभं आहे, त्याला हात लावू नका म्हणजे ते तुम्हाला हात लावणार नाही. तीन वर्षं त्यांनी होकार दिला नाही. मग एका संध्याकाळी त्यांच्या पत्नीने सांगितलं की त्यांचा थोरला भाऊ दोन वर्षं विटनूमच्या खाणीत होता आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मेसोथेलिओमाने गेला. मी सुन्न झाले. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "ते निळं होतं. ते वेगळं. हे नुसतं कुंपण आहे."

विटनूम हे नाव इथे प्रत्येकाला माहीत आहे. पर्थच्या उत्तरेला सुमारे 1,100 किलोमीटरवर, लाल डोंगरांच्या घळीत, निळ्या अॅस्बेस्टॉसची खाण होती. 1943 पासून एका मोठ्या साखर कंपनीची उपकंपनी ती चालवत होती. युरोपातून, विशेषतः इटलीतून आलेले स्थलांतरित तिथे राबायचे. डॉ. एरिक सेंट या सरकारी डॉक्टरने 1948 सालीच तिथली धूळ पाहून आरोग्य खात्याला लेखी इशारा दिला होता. खाण बंद झाली 1966 मध्ये, आणि तीही परवडत नाही म्हणून. मधल्या काळात खाणीचा चुरा गावात रस्त्यांवर, अंगणांत, मुलांच्या खेळण्याच्या जागी पसरला होता. तिथे कधी ना कधी राहिलेल्या सुमारे 20,000 माणसांपैकी 2,000 हून अधिक या रोगांनी गेली असं मानलं जातं. त्यांत खाणीत पाऊलही न टाकलेल्या, फक्त नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या बायका आहेत.

पण मला जास्त विचार करायला लावते ती पुढची गोष्ट. सरकारने 1978 पासून गाव रिकामं करायला सुरुवात केली. घरं विकत घेतली, पाडली. 2006 मध्ये वीज तोडली, 2007 मध्ये नकाशावरून गावाचं अधिकृत नाव काढलं. तरी काही माणसं तिथेच राहिली. शेवटी 2022 मध्ये गाव बंद करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला आणि त्याच वर्षी शेवटच्या रहिवाशाला बाहेर काढावं लागलं. सुशिक्षित, श्रीमंत, इंग्रजी बोलणाऱ्या देशात, दोन हजार मृत्यूंची गणना समोर असताना, चव्वेचाळीस वर्षं लागली. मग ज्या गावात एकाही मृत्यूची नोंद झालेली नाही, तिथल्या ग्रामसभेने तासाभरात पत्रा सोडावा ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून "ते पुढारलेले, आपण मागासलेले" असं इथे बसून लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. ऑस्ट्रेलियात अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती 31 डिसेंबर 2003 ला. ती शहाणपणाने आपोआप आली नाही. कामगार संघटना लढल्या, आजारी माणसं न्यायालयात गेली. सिडनीच्या कारखान्यात काम केलेले बर्नी बँटन नाकात ऑक्सिजनची नळी घालून असे पत्रे बनवणाऱ्या जेम्स हार्डी कंपनीविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत राहिले, नुकसानभरपाईचा निधी उभा राहिला त्याच 2007 साली वारले. आजही या देशातल्या दर तीन घरांपैकी एका घरात हा पदार्थ आहे असा सरकारी अंदाज आहे आणि दर वर्षी सुमारे 700 लोकांना मेसोथेलिओमा झाल्याचं निदान होतं. पण ते मोजले जातात. त्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. आपल्याकडे धाप लागलेला, खोकणारा कामगार क्षयाच्या गोळ्या खात मरतो आणि कागदावर काहीच उमटत नाही.

"परदेशातलं खूळ" म्हणणाऱ्यांना मला कॅनडाची गोष्ट सांगायची आहे. क्वेबेक प्रांतात अॅस्बेस्टॉस याच नावाचं गाव होतं. खाणीवर जगणारं, तिचा अभिमान असणारं. कॅनडाने स्वतःच्या घरांत हा पदार्थ वापरणं जवळपास थांबवलं, सरकारी इमारतींतून तो काढायला पैसे ओतले, आणि त्याच वेळी तो भारतासारख्या देशांना विकणं चालू ठेवलं. 2011 मध्ये जिनिव्हात, रॉटरडॅम कराराच्या घातक पदार्थांच्या यादीत, आपल्या पत्र्यांत असतं त्या पांढऱ्या अॅस्बेस्टॉसचं नाव घालायचा प्रस्ताव होता. ती बंदीही नव्हती, फक्त विकणाऱ्याने घेणाऱ्या देशाला धोका कळवून संमती घ्यायची एवढंच. त्या बैठकीत भारताने पाठिंबा दिला आणि कॅनडाने अडवलं. पुढच्याच वर्षी क्वेबेक सरकारने ती खाण पुन्हा चालू करायला 5.8 कोटी डॉलरचं कर्ज देऊ केलं होतं. सरकार बदललं म्हणून ते रद्द झालं. कॅनडाची बंदी 2018 ची, आणि गावाने मतदान घेऊन नाव बदललं 2020 मध्ये.

खूळ परदेशातून आलं असेल, तर पत्र्यातला तंतूही परदेशातूनच येतो. आपल्या देशात 1986 पासून अॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने दिले जात नाहीत. म्हणजे जमिनीतून काढायला घातक, पण रशियाहून गोणीत आलं की छपरावर चालतं. आणि 2011 मध्ये पाठिंबा देणारा भारत 2013 च्या बैठकीत विरोध करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला. याचं मला मनापासून वाईट वाटतं. ग्रामसभेतल्या काकांचा विरोध मी समजू शकते, जिनिव्हातला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षं जपा असं सांगितलं. 2011 मध्ये सरसकट बंदीची याचिका फेटाळताना त्याच निर्देशांचं पालन करायला पुन्हा बजावलं. कामगारांसाठी निदान एवढा कागद तरी आहे. भोकं पाडणारा गावचा सुतार, पत्रे चढवणारा मजूर, खराटा मारणारी माझी आत्या, हे कुठल्याच नोंदीत येत नाहीत.

बंदी यावी, नवा पत्रा विकणं थांबावं, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. त्याच आकाराचा, तसाच टिकणारा, पण लाकडाच्या लगद्याचा किंवा कृत्रिम धाग्याचा पत्रा बनतो. इथे तोच वापरतात. त्याला पैसे जास्त पडतात, आणि तो फरक आईसारख्या बाईने का सोसावा? सरकारने घरकुलाच्या अनुदानात, शाळांच्या दुरुस्तीत तो फरक घालावा. आधी शाळा, आधी दवाखाने. फक्त "हे वाईट आहे" असं सांगून, पाऊस तोंडावर आलेला असताना, कोणाच्या डोक्यावरचं छप्पर काढता येत नाही.

निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा, 3 जून 2020 ला, मी फोनवर होते. आमच्या पडवीचे नऊ पत्रे उडाले. पुढचे दोन आठवडे सगळा तालुका पत्र्यांसाठी वणवण फिरला, मिळेल त्या भावाने घेतले, आणि बहुतेकांनी पुन्हा सिमेंटचेच घेतले. फुटलेल्यांचं काय झालं? आमचे तुकडे वाटेवरच्या चिखलात भर म्हणून टाकले. वर माती घातली. पुढच्या उन्हाळ्यात ती वाहून गेलेली मी व्हिडिओवर पाहिली.

आमचं कुंपण शेवटी निघालं. आजोबांनी का होकार दिला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. परवाना असलेली दोन माणसं मुखवटे आणि पांढरे पोशाख घालून आली. पत्रे पाण्याने भिजवले, न तोडता अखंड उचलले, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावली, वर इशारा छापला आणि ठरलेल्या जागी पुरायला नेले. आजोबा सगळा वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे होते.

तो व्हिडिओ मी काकांना पाठवला. दोन दिवस काही उत्तर नाही. मग फोन आला. शाळेबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, पडवीचे जुने पत्रे उतरवायचे म्हणतोय, तू म्हणतेस तसे भिजवून, अखंड. नव्या पत्र्यांचा वरचा खर्च मी देणार हे आमचं ठरलं. पण उतरवलेले टाकायचे कुठे, असं त्यांनी विचारलं. मी शोधलं. घातक कचऱ्याची सोय तळोज्याला आहे, दापोलीहून दीडशे किलोमीटरच्या वर, आणि ती मुख्यतः कारखान्यांसाठी. ग्रामपंचायतीत विचारलं तर तिथे असा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता. पत्रे अजून पडवीवरच आहेत. यंदा शेवाळ मात्र कोणी खरवडलेलं नाही.