व्हर्च्युअल लॅब आली म्हणून प्रयोगशाळेला कुलूप?

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणारा दावा थोडक्यात असा : ओलॅब्ससारख्या व्हर्च्युअल लॅबवर रसायनशास्त्राचे सगळे प्रयोग जसेच्या तसे होतात, धोका नाही, संकल्पना पक्क्या होतात, खर्च नाही, तेव्हा शाळेला प्रयोगशाळेची गरज उरलेली नाही. ओलॅब्स हे सी-डॅक मुंबई आणि अमृता विश्व विद्यापीठाचे चांगले काम आहे. प्रश्न या दाव्याचा आहे.

‘जसेच्या तसे होतात’

बारावीचे परमँगनेट टायट्रेशन घ्या (टायट्रेशन म्हणजे एका द्रावणाला दुसरे किती लागते ते मोजणे). ऑक्झॅलिक आम्लाचे ०.६३ ग्रॅम स्फटिक विरघळवून १०० मिली द्रावण करायचे (०.०५ मोलर). त्यातले १० मिली फ्लास्कमध्ये, तेवढेच विरल सल्फ्युरिक आम्ल, ६० ते ७० अंशांपर्यंत ऊब, आणि ब्युरेटमधून (खुणांच्या, तोटी असलेल्या नळीतून) थेंबथेंब ०.०२ मोलर परमँगनेट. गुलाबी रंग टिकला की थांबायचे आणि किती परमँगनेट लागले ते वाचायचे. उत्तर १० मिलीच्या आसपास यायला हवे.

येत नाही, आणि शिकणे तिथे सुरू होते. द्रावण गार राहिले तर पहिल्याच थेंबाचा गुलाबी रंग रेंगाळतो, मुलगी ०.१ मिली लिहून मोकळी होते. सल्फ्युरिक कमी पडले की मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा येतो. त्याऐवजी चुकून हायड्रोक्लोरिक घातले तर क्लोराइडच परमँगनेट खाते आणि रीडिंग वाढते. तोटीत हवेचा बुडबुडा राहिला तरी वाढते; ब्युरेटवर फनेल विसरले तर त्यातून थेंब पडून कमी होते. शिवाय हे द्रावण इतके गडद की पातळी वरच्या कडेला वाचावी लागते. बहुतेक सिम्युलेशनमध्ये स्लायडर सरकवला की ही सगळी भानगड गायब.

नायट्रेट ओळखण्याच्या तपकिरी कड्याच्या चाचणीतही तेच. फेरस सल्फेटचे द्रावण शिळे असेल तर हवेने त्याचे फेरिक झालेले असते; कडे दिसत नाही आणि वहीत ‘नायट्रेट नाही’ अशी नोंद होते. पडद्यावर कडे हमखास उमटते.

‘धोका नाही’

हायड्रोजन सल्फाइड, ब्रोमीन यांच्या बाबतीत मान्य. ते पडद्यावरच बघावे. पण पाण्यात आम्ल बारीक धारेने, ढवळत घालताना चंचुपात्र हाताला किती तापते, हे माऊसला कळत नाही. त्याच मुलांच्या हाती पुढे कॉलेजात संहत आम्लाची बाटली येणार असते.

‘संकल्पना पक्क्या होतात’

होतात, हे खरेच. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या फेट प्रकल्पातली सिम्युलेशन्स रेणूंच्या पातळीवर जे दाखवतात ते कोणत्याही परीक्षानळीत दिसणार नाही. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी ती मुलांना जरूर द्या.

‘खर्च नाही’

संगणक, वीज आणि नेट फुकट मिळतात असे गृहीत धरले तरच. उलट प्रयोगच लहान करता येतो. आम्ल-अल्कली टायट्रेशनला सुई काढलेली १ मिलीची सिरिंज पुरते, तिच्यावर ०.०१ मिलीच्या खुणा असतात. क्लोराइडच्या चाचणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिकवर नमुन्याचा एक थेंब, विरल नायट्रिक आम्लाचा एक, सिल्व्हर नायट्रेटचा एक. खाली काळा कागद ठेवला की पांढरा साका स्पष्ट दिसतो. महागडे सिल्व्हर नायट्रेट वर्षभर पुरवायचा हाच मार्ग. परमँगनेट मात्र सिरिंजमध्ये भरून ठेवू नका : ते रबरी दट्ट्या खराब करते.