‘शिकारीसाठी खानापुरात सेटल व्हा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरायलाय. "शिकारीची हौस आहे? मग देशात राहायला खानापूर तालुक्यासारखी जागा नाही" असं हेडिंग आणि खाली मुद्दे. जमीन घ्या, शेतकरी व्हा, पीक राखायच्या नावावर बंदुकीचं लायसन काढा, रानडुक्कर मारायला तर परवानगी आहेच, एअरगनला लायसनच लागत नाही, कोडगूत (कूर्ग) लोक उघड मारतात, आणि काही लफडं झालंच तर गोवा-महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर. शेवटची ओळ, "हाका घालायला लोकल पोरं मिळतात", हाका म्हणजे आरडाओरडा करत जनावर बंदूकवाल्याकडं ढकलणं. हे वाचून पुण्या-मुंबईकडचे ओळखीचे लोक जांबोटीकडच्या जमिनीचा रेट विचारायलेत, म्हणून हे सगळं लिहायला बसलोय, जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा.

ही आयडिया आली कुठनं ते आधी बघा. अमेरिकेत हे खरंच चालतं. तिथं हरीण, एल्क मारणं कायदेशीर आहे, कुठल्या भागात किती जनावरं मारायची ते दरवर्षी त्या त्या राज्याचं खातं मोजदाद करून ठरवतं, आणि तुम्ही त्या राज्याचे रहिवासी असाल तर लायसन स्वस्तात मिळतं, बाहेरच्याला कितीतरी जास्त मोजावे लागतात. मोंटानात १८० दिवस राहिलं की रहिवासी धरतात, अलास्कात १२ महिने लागतात. त्यामुळं तिकडं शिकार बघून घर कुठं करायचं ते ठरवणारे लोक आहेत आणि त्यांच्यासाठी तशा याद्या पण निघतात. "शिकारीच्या पैशावरच जंगल टिकतं" हे मेसेजमधलं वाक्य पण तिकडचंच. तिथं १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवर १०-११ टक्के टॅक्स आहे आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला राज्यांना जातो, हे खरं आहे. पण आपल्याकडं असा टॅक्स नाही, मोजून ठरवलेला कोटा नाही, शिकारीचं लायसनच नाही. मग रहिवासी होऊन स्वस्त काय मिळणार?

"आमच्या आजोबांकडं लायसन होतं, गावात सगळे मारायचे" असं म्हणणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात लहान सावज, मोठं सावज अशी वेगवेगळी लायसनं ठेवलेली होती. १९९१ च्या दुरुस्तीत ती सगळी काढून टाकली. नंतर २०२२ च्या दुरुस्तीनं, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, प्राण्यांच्या याद्या दोनच राहिल्या, पहिली आणि दुसरी, आणि कलम ९ प्रमाणं दोन्हीतल्या कुठल्याही प्राण्याची शिकार बंद. गवा, बिबट्या, अस्वल, मोर, घोरपड पहिल्या यादीत, रानडुक्कर दुसऱ्या. आणि शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे, फास लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं, हाका घालणं, आणि यातलं काही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. आजोबांच्या गोष्टी आजोबांच्या काळात कायदेशीर असतीलही, त्यावर आज बंदूक घेऊन फिरता येत नाही.

आता जमीन आणि लायसन. जमिनीबद्दल मेसेज बरोबर आहे, २०२० मध्ये कर्नाटकानं कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. बंदुकीचं लायसन पीक राखायला मिळू शकतं हेही शस्त्र कायद्यात आहे, ठासणीची बंदूक त्यासाठीच धरलेली आहे. पण ते लायसन हत्यार जवळ ठेवायचं आहे, जनावर मारायचं नाही, ह्या दोन गोष्टी मेसेजवाल्यानं एकात कालवल्यात. आणि खरा घोळ पुढंच आहे. २०११ मध्ये खानापूर तालुक्यातच भीमगड अभयारण्य जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटरचं. वन्यजीव कायद्याचं कलम ३४ सांगतं की अभयारण्याच्या आत किंवा हद्दीपासून १० किलोमीटरमध्ये राहणाऱ्या आणि बंदुकीचं लायसन असलेल्या प्रत्येक माणसानं वनखात्याकडं नाव नोंदवायचं, आणि त्या पट्ट्यात नवीन लायसन राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या आधी घेतलेल्या संमतीशिवाय देता येत नाही. हेम्माडगा, कणकुंबी, जांबोटी पट्ट्यातली बरीचशी गावं या दहा किलोमीटरात येतात. म्हणजे जिथं बंदूक सहज मिळेल म्हणून या लोकांना बोलवायलेत, तिथंच ती मिळणं जास्त अवघड आहे. बेळगावात फ्लॅट घेतलेल्याला जेवढी कटकट नाही तेवढी कणकुंबीत फार्महाऊस घेतलेल्याला होईल.

अजून एक गोष्ट मला फार लागते. भीमगडातल्या तळेवाडीसारख्या गावांतली माणसं पिढ्यानपिढ्या तिथं राहिली, पावसाळ्यात वाट बंद, आजारी माणूस खांद्यावर घालून आणायचा, आणि आता ती कुटुंबं सरकारकडनं मोबदला घेऊन घरदार सोडून बाहेर यायलेत, जंगल मोकळं राहावं म्हणून. आणि त्याच जंगलाच्या कडेला कोणीतरी बंदुकीच्या हौसेपायी राहायला यायचं? ते कुठल्या तोंडानं?

रानडुकराचा मुद्दा जरा सविस्तर घेतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. डुकराचा त्रास खरा आहे, त्यात वाद नाही. खानापूर-बेळगावची रताळी सगळीकडं जातात, आणि रताळ्याचं शेत डुकरांच्या कळपानं एका रात्रीत नांगर घातल्यासारखं उलथं करतंय, भात पोटरीत आला की वेगळं, ऊस वेगळा. रात्र रात्र माळ्यावर डबा आणि बॅटरी घेऊन बसणाऱ्या माणसाला कोणी कायद्याचं पुस्तक दाखवू नये. पण "डुक्कर मारायला परवानगी आहेच" हे सरळ खोटं आहे. केंद्रानं २०१५-१६ मध्ये बिहार आणि उत्तराखंडात डुक्कर ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर केलं होतं, त्यात बेळगाव जिल्हा कुठंच नव्हता. केरळात २०२२ पासून पंचायतीच्या प्रमुखांना डुकराबाबत ऑर्डर काढायचा अधिकार दिलाय, तो केरळापुरता, आणि तिथंही मेलेलं डुक्कर पुरायचं, खायचं नाही. आपल्याकडं मार्ग आहे तो वन्यजीव कायद्याच्या कलम ११ चा, पिकाला किंवा माणसाला धोका असलेल्या दुसऱ्या यादीतल्या प्राण्याबद्दल अधिकाऱ्यानं कारण देऊन लेखी ऑर्डर काढायची, त्या जागेपुरती. ती त्रासलेल्या शेतकऱ्यासाठी आहे, वीकेंडला येणाऱ्यासाठी नाही, आणि ऑर्डरवर मारलं तरी जनावर सरकारचंच. तोंडी परवानगी, "साहेब ओळखीचे आहेत", याला कोर्टात काडीची किंमत नाही.

आणि परवानगी नाही म्हटल्यावर लोक काय करतात तर फास लावतात. बाईकची जुनी क्लच वायर घ्यायची, सरकगाठीचा वेढा करायचा, कुंपणाला जिथं डुकरांच्या येण्याजाण्यानं भोक पडलंय आणि चिखलात खुरं उमटलीत, तिथं गुडघ्याच्या खाली तो उभा करायचा आणि दुसरं टोक खुंटाला आवळायचं. वायरीला काय कळतंय समोरनं डुक्कर आलंय की बिबट्या? जनावर जेवढं ओढतं तेवढी ती कातडीत रुतते, बिबट्या कमरेत अडकला तर रात्रभर स्वतःलाच कापत राहतो, सकाळी गाव गोळा होतो आणि गुन्हा पहिल्या यादीचा होतो. मेन लाइनवरनं कुंपणात करंट सोडणारे तर त्याहून वाईट, त्यात पहाटे पाणी पाजायला गेलेली माणसं मेलेली आहेत. विषाचं पण तसंच, जानेवारी २०२० ला पलीकडं गोव्यात म्हादई अभयारण्यात गोळावलीजवळ वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेली, ती विषानंच. चार वाघ! अख्ख्या पट्ट्यात किती मोजके वाघ फिरतात ते बघितलं तर या नुकसानीचा अंदाज येईल.

एअरगनचं थोडक्यात. कमी ताकदीच्या, ४.५ मिलिमीटर बोअरच्या एअरगनला लायसन लागत नाही, बरोबर. होला, तित्तर, रानकोंबडा त्यानं मारला की शिकारीचा गुन्हा होतो, हेही तितकंच बरोबर. हत्याराला सूट आहे, पाखरू मारायला नाही. मुलांना वाढदिवसाला एअरगन आणून देणाऱ्यांनी हे नक्की वाचावं.

कोडगूचं उदाहरण तर पूर्ण उलटं लावलंय. कोडव लोकांना आणि जम्मा (तिथली पिढीजात) जमीनधारकांना शस्त्र कायद्याच्या लायसनमधनं जुनी सूट आहे, २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये हायकोर्टानं ती कायम ठेवली. ती बंदूक बाळगायची सूट आहे, त्यांच्या पूजेचा, सणाचा भाग म्हणून. कोडगूत गवा मारला तर खानापुरात मारल्यासारखीच केस होते. शिमग्याच्या पारधीचं पण तेच, देवाचं नाव घेतलं म्हणून कलम ९ बाजूला होत नाही.

हद्दीचा मुद्दा वाचून वाईट वाटलं, कारण आपण सीमाभागातली माणसं हद्दीपायी काय काय भोगतो ते आपल्याला माहीत, आणि तीच हद्द कोणी पळून जायला वापरा म्हणून सांगतोय. हा कायदा केंद्राचा आहे. चोर्ला घाट उतरलात तरी तोच, तिलारीकडं गेलात तरी तोच. उलट पलीकडं मोकळं रान नाहीच, गोव्याला लागून म्हादई अभयारण्य, चंदगड-दोडामार्गकडं संवर्धन राखीव क्षेत्रं, खाली दांडेलीकडं काळी व्याघ्र प्रकल्प. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प ते काळी वाघ येतात-जातात तो हा पट्टा, भीमगड त्याच्या बरोबर मधे आहे, आणि तिन्ही राज्यांच्या वनखात्यांचं लक्ष आहे.

शिक्षा किती ते पण मेसेजमध्ये नाही, म्हणून सांगतो. अभयारण्यात किंवा पहिल्या यादीतला प्राणी मारला तर कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, दंड कमीत कमी २५ हजार. बाकीच्याला ३ वर्षांपर्यंत जेल किंवा १ लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. जप्त झालेली गाडी, बंदूक सरकारजमा होऊ शकते. शिक्षा लागली तर कोर्ट बंदुकीचं लायसन रद्द करू शकतं आणि पुढची ५ वर्षं नवीन मिळणार नाही असा हुकूमही देऊ शकतं. फ्रिजमध्ये मटण सापडलं तर ते कायदेशीर आहे हे तुम्हीच सिद्ध करायचं.

आणि आता ती शेवटची ओळ, लोकल पोरं. हाक्यात काय होतं माहीत असलेल्यांना सांगायला नको, बंदूकवाला वाट धरून बसतो, आणि गावची पोरं ओढ्याच्या अंगानं रांग धरून डबे वाजवत, आरडत, कुत्री सोडत जनावर त्याच्याकडं ढकलतात. कायद्याच्या व्याख्येत हाका म्हणजे शिकार, वर लिहिलंच आहे. म्हणजे डबा वाजवणारं पोरगं आणि बार काढणारा पाहुणा दोघेही त्याच कलमाखाली. फरक एवढाच की पाहुण्याकडं वकील असतो, गाडी असते, पोराकडं काही नसतं, ते पहिल्यांदा सापडतं आणि पाचशे रुपये आणि दोन वाटे मटणासाठी वर्षानुवर्षं तारखांना खेपा घालतं. आणि आपल्या भागातली ही पोरं कोण? पहाटे पाचला रस्त्यावर पळणारी, बेळगावच्या मराठा सेंटरच्या लष्करी भरतीची तयारी करणारी. भरतीत पोलीस व्हेरिफिकेशन असतं. त्यात वन्यजीव कायद्याची केस निघाली तर दोन-तीन वर्षांची मेहनत एका कागदावर अडकते, आई-बापाला तोंड दाखवायची सोय राहत नाही, आणि मेसेज लिहिणारा त्यावेळी कुठल्या दुसऱ्या ग्रुपात जमीन विकत असतो.

ज्या ग्रुपात तो मेसेज आलाय तिथं त्याच्याखाली हे टाका. जमिनीचा रेट विचारणाऱ्या पाहुण्यांना कलम ३४ चं तेवढं आधी सांगा. आणि गावात कोणी हाक्याला पोरं मागत आला तर गाडीचा नंबर लिहून घ्या आणि वनखात्याच्या १९२६ वर नाहीतर जवळच्या रेंज ऑफिसला त्याच दिवशी कळवा, रविवार उजाडायची वाट बघू नका.