वॅट वाढवून वारा हरत नाही

बाइक चालवताना गाणी ऐकण्याबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे. हेल्मेटमधल्या स्पीकरचा आवाज हायवेवर पुरत नसेल तर जास्त वॅटचे स्पीकर बसवा, बास पूर्ण चढवा आणि व्हॉल्यूम शंभर टक्के ठेवा. इयरप्लग, म्हणजे आवाज दाबणारे कानातले बोळे, अजिबात घालू नका, त्याने गाणंही बंद होतं आणि हॉर्नही. एवढी खटपट नको असेल तर नॉइज कॅन्सलिंगचे, म्हणजे बाहेरचा गोंगाट यंत्रणेने खोडणारे बड्स कानात घाला. लोक हे चांगल्या मनाने पुढे पाठवतात, पण हा सल्ला पाळणाऱ्याची श्रवणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर देतो आहे.

आधी वॅट. पॉवर दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलने. कानाला तो दुप्पट मोठा वाटायचा तर साधारण 10 डेसिबल वाढ हवी, म्हणजे दहापट पॉवर. इकडे वेग 80 वरून 100 किलोमीटरवर गेला की दुप्पट वॅटने कमावलेले 3 डेसिबल वारा सहज गिळून टाकतो. शहरातला वेग ओलांडला की हेल्मेटमध्ये ऐकू येणारा गोंगाट मुख्यतः इंजिनाचा नसतो, वाऱ्याचा असतो. ताशी 100 किलोमीटरच्या आसपास तो कानाजवळ 95 डेसिबलच्या घरात किंवा त्याच्याही वर असू शकतो. हेल्मेट, बाइक आणि बसण्याची पद्धत यांनुसार आकडा बदलतो, पण शांत म्हणावं असं हेल्मेट या वेगाला मिळत नाही.

आता या गोंगाटात गाणं मिसळून पाहा. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था 85 डेसिबलला दिवसाकाठी 8 तासांची मर्यादा सांगते, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करते. 94 डेसिबलला 1 तास, 97 ला अर्धा तास, 100 ला 15 मिनिटं. समजा हेल्मेटमध्ये वाऱ्याचे 97 आहेत आणि तुम्ही गाणंही त्याच्या बरोबरीला आणलं. दोन सारखे आवाज मिळून 3 डेसिबल वाढतात, म्हणजे एकूण 100. अर्ध्या तासाची मुभा पाव तासावर आली, आणि गाणं अजून वाऱ्याच्या वर निघालेलंच नाही. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. राइड संपल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा समोरच्याचं बोलणं दबल्यासारखं येत असेल, तर त्याला थकवा समजून सोडून देऊ नका.

इयरप्लगचा मुद्दा सगळ्यात घातक आहे, कारण तो वरवर पटतो. कान बंद केले तर गाणं कसं ऐकू येणार? पण इयरप्लग वारा आणि स्पीकर दोन्हींना दाबतो, आणि ऐकू येणं ठरतं ते दोघांमधल्या फरकावर. नीट बसलेल्या प्लगने 20 डेसिबल कमी केले असं धरा: वारा 97 वरून 77 वर येईल, गाणंही 77 वर, दोन्ही मिळून 80. गाणं वाऱ्याच्या तुलनेत होतं तेवढंच राहिलं, कान मात्र वाचला. शिवाय फार मोठ्या आवाजात कान स्वतःच गोंधळतो, शब्द एकमेकांत मिसळतात. पातळी खाली आली की नॅव्हिगेशनची सूचना बहुतेकांना प्लगमधूनच अधिक स्पष्ट कळते.

यात दोन अडचणी खऱ्या आहेत. फोमचे प्लग उंच स्वर जास्त खातात, त्यामुळे गाणं बद्द वाटतं. त्यावर दोन उपाय आहेत: सगळ्या स्वरांना जवळपास सारखं दाबणारे फिल्टरचे प्लग घेणं किंवा ट्रेबल थोडा वाढवणं. दुसरं, ज्यांना आधीच कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी प्लगने इशाऱ्याचे आवाज खरोखर हरवू शकतात. त्यांनी प्लगची निवड कानाच्या डॉक्टरांना विचारूनच करावी. ज्यांचे कान ठणठणीत आहेत त्यांना हॉर्नच्या बाबतीतही वर सांगितलेलाच हिशेब लागू होतो, कारण हॉर्न आणि वारा प्लगमधून एकत्रच खाली येतात. हॉर्न खरा झाकतं ते पूर्ण व्हॉल्यूमवरचं गाणं. हॉर्नच्या काळजीने प्लग नाकारायचा आणि त्याच दमात आवाज शंभर टक्के करायला सांगायचं, हे एकत्र बसत नाही.

ताकदवान स्पीकरचा खरा उपयोगही इथेच आहे. प्लग घातल्यावर गाणं वाऱ्याच्या थोडं वर आणायला स्पीकरकडे न फाटता वाजण्याची ताकद हवी. सल्ल्यातली ती अर्धी गोष्ट बरोबर आहे, पण प्लग असतील तरच.

बास पूर्ण चढवण्याचं म्हणाल तर तिथे उलटं करायला हवं. वाऱ्याचा गोंगाट प्रामुख्याने खालच्या स्वरांचा असतो, म्हणून बास त्यात बुडतोच. त्याला वर काढायच्या प्रयत्नात छोटा स्पीकर फाटतो आणि गायकाचा आवाजही खराब होतो. मधल्या स्वरांना जागा द्या.

बास हरवण्यामागे वाऱ्याखेरीज बहुतेकदा स्पीकरची जागाही असते, आणि या सल्ल्यात तिचा उल्लेखच नाही याचं मला वाईट वाटतं. स्पीकर कानाच्या छिद्रासमोरून थोडा सरकला किंवा मध्ये पोकळी राहिली की बास आधी जातो. लहान ध्वनिस्रोतापासूनचं अंतर निम्मं केलं तर आवाज सुमारे 6 डेसिबलने चढतो. तेवढ्यासाठी चौपट पॉवर लागली असती. हेल्मेटमध्ये अगदी तेवढाच फरक पडेल असं नाही, पण फरक लगेच कळतो आणि त्याला खर्च नाही. गाडी उभी असताना हेल्मेट घाला, गाणं हळू लावा, एका बाजूचा स्पीकर बोटाने थोडा पुढे-मागे, वर-खाली सरकवा आणि जिथे सगळ्यात भरीव वाजेल तिथे वेल्क्रोने चिकटवा. मग दुसरी बाजू. पोकळी उरली तर मागे फोमची चकती द्या. कानावर दाब येता कामा नये. आणि जागा करण्यासाठी आतला थर्माकोलसारखा थर कधीही कापू नका. अपघातात धक्का तोच झेलतो.

नॉइज कॅन्सलिंगचे बड्स विमानातल्या सलग घुमणाऱ्या आवाजावर छान चालतात. हेल्मेटमधला वारा भोवऱ्यांचा असतो, क्षणाक्षणाला बदलतो. बड्सच्या बाहेरच्या माइकवर झोत आला तर यंत्रणा गडबडते आणि स्वतःच खरखर घालते. बाहेर डोकावणारे बड्स हेल्मेट घालताना निसटतात ते वेगळंच. कानात घट्ट बसणारे, फोमच्या टोकांचे चपटे इयरफोन मात्र वेगळी गोष्ट आहे. ते फक्त वारा अडवतात, गाणं अडवत नाहीत, म्हणून दोघांमधला फरक खरोखर वाढतो आणि आवाज कमी ठेवता येतो. ध्वनीच्या दृष्टीने मला हाच मार्ग सगळ्यात चांगला वाटतो. पण कायदा सगळीकडे याला परवानगी देत नाही. फ्रान्समध्ये 1 जुलै 2015 पासून चालवताना कानात इयरफोन घालायला बंदी आहे, हेल्मेटमध्ये बसवलेले स्पीकर चालतात. तुमच्याकडचा नियम आधी पाहा.

सल्ल्यात आणखी एका गोष्टीचा पत्ता नाही: वाराच कमी करणं. हनुवटीखालची आणि मानेजवळची फट हा गोंगाटाचा मोठा रस्ता आहे, त्यामुळे हनुवटीचा पडदा आणि नीट मापाचं हेल्मेट यांनी बराच फरक पडतो. विंडस्क्रीन असेल तर तिच्या कडेवरून सुटलेले भोवरे थेट डोक्यावर आदळत नाहीत ना, हे तपासा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगात डोकं जरासं खाली-वर करून पाहा. दोन बोटांच्या फरकाने गोंगाट बदलला तर स्क्रीनची उंची चुकते आहे.

व्हॉल्यूमला हात सगळ्यात शेवटी लावा, आणि तोही प्लग घालून, नेहमीच्या वेगाला. बोलण्याचे शब्द जेमतेम कळतील एवढा आवाज पुरे. इंटरकॉममध्ये, म्हणजे हेल्मेटवर बसणाऱ्या बोलण्या-ऐकण्याच्या यंत्रात, वेगाबरोबर आवाज आपोआप वाढवण्याची सोय असेल तर ती सौम्य ठेवा आणि वेग उतरल्यावर आवाजही उतरतो आहे याची खात्री करा.