बायोफीडबॅकवर उठवलेली आवई

जुनाट बद्धकोष्ठ आतड्यांत वर्षानुवर्षे चिकटलेल्या मळामुळे होते, त्यावर रोज रात्री एरंडेल हाच खरा उपाय, बायोफीडबॅक (स्नायूंचे काम पडद्यावर दाखवून ते सुधारायला शिकवणारा उपचार) म्हणजे विजेचे झटके देऊन पैसे उकळण्याचा धंदा, आणि त्यापेक्षा घरीच गुदद्वार आवळण्याचा व्यायाम करावा, असे सांगणारा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो वाचून माझ्या आत्याने ठरलेले बायोफीडबॅकचे उपचार रद्द केले, म्हणून त्याची दखल घेणे भाग आहे.

यातला आवळण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. शौचाच्या वेळी पोटातून दाब देताना गुदद्वाराभोवतीचे स्नायू सैल सुटावे लागतात. काही रुग्णांत हा मेळ बिघडतो आणि कुंथताच ते स्नायू उलट आवळले जातात. आत्याच्या मॅनोमेट्रीच्या, म्हणजे या स्नायूंचा दाब मोजणाऱ्या तपासणीच्या, अहवालात नेमका हाच दोष नोंदलेला आहे. अशा माणसाला आणखी आवळायला सांगणे म्हणजे त्याचा आजार वाढवणे होय. बायोफीडबॅकमध्ये सैल सोडायला शिकवतात. गुदमार्गात बारीक नळी ठेवून स्नायूंचा दाब समोरच्या पडद्यावर रेषेने दाखवला जातो. कुंथताना खाली यायला हवी ती रेषा वर चढते, हे रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, आणि श्वास व पोटाचा जोर सुधारत ती खाली आणण्याचा सराव त्याच्याकडून करून घेतला जातो. यात झटका कुठेच नाही. यंत्र शरीरातला दाब फक्त मोजते. वीज देऊन स्नायू उत्तेजित करणे हा वेगळा उपचार आहे.

‘धंदा’ म्हणणाऱ्यांनी इटलीतील क्यारिओनी आणि सहकाऱ्यांची २००६ सालची चाचणी पाहावी. हाच दोष असलेल्या १०९ रुग्णांपैकी काहींना आठवड्याला एक अशी बायोफीडबॅकची पाच सत्रे दिली, तर इतरांना पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे रेचक. सहा महिन्यांनी मोठी सुधारणा सांगणारे रुग्ण पहिल्या गटात ८० टक्के होते, रेचकाच्या गटात २२ टक्के.

चिकटलेल्या मळाचे थर कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, आढळत नाहीत; आतड्याचे अस्तर काही दिवसांतच नवे होत असते. एरंडेल आतड्याला ढकलते, पण बाहेरची वाट आवळलेलीच राहिली तर रोज पोटात मुरडा तेवढा येतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. ज्यांच्या आतड्यांची गतीच मंद आहे, त्यांना या प्रशिक्षणाचा फारसा उपयोग होत नाही, आणि सरसकट प्रत्येकाला ते सुचवणाऱ्यांवर संशय घेणे रास्त आहे. पुष्कळांचे बद्धकोष्ठ चोथायुक्त आहार, पुरेसे पाणी आणि साध्या औषधाने आटोक्यात येते. तेवढ्याने भागले नाही, तर मॅनोमेट्री आणि फुग्याची चाचणी करून घ्यावी; तीत गुदाशयात ५० मिलिलिटर पाण्याचा फुगा ठेवतात, आणि तो साधारण मिनिटभरात बाहेर टाकता येणे अपेक्षित असते. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर या सगळ्याच्या आधी डॉक्टरांकडून आतड्याची तपासणी करून घ्यावी.